आप्पांना आमारोनेच्या खोऱ्यात न्यायचंय: कुठे जावं, कुठली बाटली घ्यावी?

द्राक्षकन्या:
नमस्कार मंडळी. मी म्युनिकला राहते, माहेर तासगाव तालुक्यातलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आप्पा पहिल्यांदाच माझ्याकडे येतायत. पस्तीस वर्षं त्यांनी द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड सांभाळली. आता बाग भाऊ बघतो, म्हणून त्यांना या दिवसांत निघता येतंय.

गेल्या हिवाळ्यात एका इटालियन सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं आणि आमारोने नावाच्या इटालियन लाल वाइनची बाटली उघडली. ग्लास नाकाशी नेला आणि मला आमची शेड आठवली. मार्च महिन्यात रॅकवरचा माल अर्धवट सुकलेला असतो ना, तेव्हाचा वास. गोड लागेल म्हणून घोट घेतला, तर गोड नव्हता. जड, मऊ, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडवट काहीतरी राहिलं. ते फारच आवडलं. मग कळलं की ही वाइन सुकवलेल्या द्राक्षांचीच करतात. तेव्हापासून आप्पांना तिथे न्यायचंच असं ठरवलंय.

सल्ला हवाय तो असा. रॅकवरची द्राक्षं प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतील? पन्नास युरोपर्यंत चांगली बाटली कुठली? आणि आप्पा वर्षातून एखाद-दोनदाच घेतात, त्यांना ही झेपेल का?

अदिजेकाठी:
ताई, नऊ वर्षं वेरोनात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

महिना अगदी योग्य निवडलाय. आमारोने होते ते वाल्पोलिचेल्लाचं खोरं वेरोनाच्या उत्तरेला, एका बाजूला गार्दा सरोवर आणि वर लेस्सिनीचे डोंगर. म्युनिकहून ब्रेन्नर खिंडीतून गाडीने पाच-एक तास. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, आणि आमारोनेसाठी राखलेले घड त्यानंतर तीन ते चार महिने सुकत ठेवतात. साधारणपणे १ डिसेंबरच्या आधी ही द्राक्षं गाळपाला घेता येत नाहीत, असा नियमच आहे. म्हणजे तुम्ही याल तेव्हा माळे भरलेले असतील. फेब्रुवारीनंतर आलात तर रिकामे रॅक बघावे लागतील.

सुकवायच्या जागेला इथे फ्रुत्ताइओ म्हणतात. बहुधा तळघराच्या वरचा मजला, चारी बाजूंनी खिडक्या. जुन्या घरांत वेताच्या-बांबूच्या चटया थरावर थर रचलेल्या दिसतात, त्यांना आरेले म्हणतात. पूर्वी याच चटयांवर रेशमाचे किडे पाळायचे. आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे क्रेट आणि पंखे आलेत, त्यामुळे जाण्याआधी मेल करून ‘आरेले बघायला मिळतील का’ असं स्पष्ट विचारा. मूळचा, म्हणजे क्लासिको भाग पाच गावांचा: नेग्रार, मरानो, फुमाने, सांत-अंब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो. फुमाने आणि नेग्रार एका दिवसात आरामात होतात. वेलींचे मांडवही आप्पांना दाखवा. इथली जुनी पद्धत मांडवाचीच, तिला पेर्गोला म्हणतात.

आता बाटली. आमारोने एका द्राक्षाची नसते. कोर्विना हा कणा: चेरीचा वास आणि आंबटपणा तिचा. कोर्विनोने तिच्यासारखीच दिसते पण मणी मोठे. रोन्दिनेल्ला सुकताना टिकते, सहज कुजत नाही. कुणी थोडी ओसेलेता घालतात, रंग आणि तुरटपणासाठी. पूर्वी मोलिनाराही लागायचीच, आता ती ऐच्छिक आहे. पन्नास युरोत मासी या उत्पादकाची कोस्तासेरा, किंवा तेदेस्की, तोम्मासी या उत्पादकांची एखादी बसेल. पहिल्या भेटीला मी तेदेस्की घेईन. तिच्यात फळ दबत नाही, लाकडाचा वास पुढे पुढे करत नाही. क्विंतारेल्ली या उत्पादकाचं नाव कानावर येईल, त्यांची बाटली शेकडो युरोंत जाते. एकदा चाखायला मिळाली तर सोडू नका, पण त्यासाठी बजेट ताणू नका.

मिरज_जंक्शन:
मीही बेदाणावाला. एक प्रश्न. आपण पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात माल बुडवतो, सालीवरचं मेण सुटतं आणि पंधरा-एक दिवसांत माल तयार. चार किलोला एक किलो बेदाणा. हे लोक चार महिने काय करतात? आणि एवढ्या थंडीत बुरशी लागत नाही?

अदिजेकाठी:
दादा, नेमकी मेख तिथेच आहे. हे काहीच लावत नाहीत. मेण तसंच, साल शाबूत. पाणी हळूहळू उडतं आणि घडाचं वजन तीस-चाळीस टक्क्यांनी उतरतं. बेदाणा होऊ द्यायचा नसतो, मण्यात रस राहायला हवा. तोडणीच्या वेळी घड निवडतानाच निम्मी लढाई होते: मोकळा घड, मणी एकमेकांना न चिकटलेले, एकही फुटका नाही. क्रेटमध्ये एकच थर. बुरशीचं भय सगळ्यांना असतं, म्हणून कोरडी हवा असेल तेव्हा खिडक्या उघड्या, दमट धुकं आलं की बंद. आमच्या शेजारचे आजोबा रात्री उठून खिडक्या लावायला जातात.

गोदाकाठ:
नाशिकला वाइनरीत कामाला आहे, तेव्हा पुढचं मी सांगतो.

द्राक्षातलं पाणी गेलं की साखर, आम्ल, सालीतला रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, सगळंच दाटतं. शिवाय मणी तोडल्यावरही जिवंत असतो, त्या तीन-चार महिन्यांत त्याच्या आत वासाची नवी द्रव्यं तयार होतात. म्हणून आमारोनेत ताज्या चेरीपेक्षा सुकलेली चेरी, काळ्या मनुका, कोको, तंबाखूचं पान, कडू बदाम असे वास येतात. मग ऐन हिवाळ्यात गाळप. गारठ्यात यीस्ट संथ चालतं, आणि अल्कोहोल चढत गेलं की दमतं. मध्येच थांबलं तर साखर उरते आणि होते रेचोतो, तिथली जुनी गोड वाइन. शेवटपर्यंत गेलं तर आमारोने. नियमाने किमान १४ टक्के, प्रत्यक्षात १५-१६ सर्रास. एवढं अल्कोहोल आणि ग्लिसरॉल, त्यामुळे तोंडात ती मखमलीसारखी भरते.

रेचोतो हा शब्द ‘रेचा’वरून आला असं म्हणतात. तिथल्या बोलीत रेचा म्हणजे कान. घडाच्या खांद्याला ज्या पाकळ्या, म्हणजे बाजूचे छोटे घोस, फुटतात त्यांना उन्हं जास्त मिळतात, म्हणून पूर्वी तेवढेच ‘कान’ तोडून सुकवायचे. आप्पांना हे सांगाच. पाकळ्यांची विरळणी करणाऱ्या माणसाला ते लगेच पटेल.

आमारोनेचा अर्थ ‘मोठी कडवट’. सांगतात ते असं: १९३६ साली नेग्रारच्या सहकारी तळघरात रेचोतोचं एक पिंप विसरून राहिलं. तळघर सांभाळणाऱ्या अदेलिनो लुकेझेने ते उघडून चाखलं. सगळी साखर आंबून गेली होती. तो म्हणाला, ही नुसती कडू नाही, ही तर आमारोने. बिघडलेला माल म्हणून ओतून न देणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

झेपण्याबद्दल: आधी रिपास्सो घ्या. आमारोने काढून उरलेल्या चोथ्यावर साधी वाल्पोलिचेल्ला, म्हणजे त्याच खोऱ्यातली न सुकवलेल्या द्राक्षांची वाइन, पुन्हा आंबवतात. मासीने १९६४ च्या कांपोफियोरिनपासून ही रीत बाजारात आणली. किंमत साधारण निम्म्याहून कमी, अंगाने हलकी, पण वळण तेच.

सायली_ज्युरिक:
रिपास्सोने सुरुवात करायला माझा विरोध. एवढ्या लांबून आप्पा येणार ते सुकवलेल्या द्राक्षाची ओळख पटावी म्हणून. चोथ्यावरून आलेली सावली कशाला? आमारोनेच द्या, पण थोडी. जेवायच्या दोन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून काचेच्या रुंद सुरईत, ओता, १८ अंशांच्या आसपास ठेवा. गरम खोलीत ठेवलेली आमारोने नुसती अल्कोहोलसारखी झोंबते, आणि लोक मग वाइनला दोष देतात.

सोबत तिखट रस्सा नको, कितीही मोह झाला तरी. मिरची आणि १६ टक्के अल्कोहोल एकत्र आले की तोंडाची आग होते, बाकी काही कळत नाही. दोन वर्षं मुरलेलं पार्मिजानो चीज तुकडे करून द्या, किंवा तिथलंच मोंते वेरोनेझे चीज. वेरोनात आमारोने घालून रिसोत्तो करतात, गडद जांभळा, मऊ खिचडीसारखा. आप्पांना भाताची सोय झाली म्हणून बरं वाटेल.

आणि जेवणानंतर रेचोतोचा अगदी छोटा ग्लास. त्याच सुकवलेल्या द्राक्षांच्या दोन वाटा एका बैठकीत कळतात.

गोदाकाठ:
सायलीताई, पटलं. रिपास्सो मागे घेतो.

अदिजेकाठी:
मीही सायलीताईंच्या बाजूने. फक्त तळघरात चाखताना थुंकायचं भांडं मागायला लाजू नका, गाडी चालवणाऱ्याने तर नाहीच. पाच प्रकार चाखले की दुपार संपते.

गावी न्यायची असेल तर भारतात उतरताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येतं, म्हणजे दोन बाटल्या. पण तासगावच्या एप्रिलमध्ये कपाटात ठेवू नका. ही वाइन पंधरा-वीस वर्षं टिकते ती गार तळघरात.

द्राक्षकन्या:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार, फुमाने आणि नेग्रार, आरेले असलेली दोन ठिकाणं, रात्री वेरोनात रिसोत्तो आणि तेदेस्की. शेवटी रेचोतो.

काल फोनवर आप्पांना डिपिंगशिवाय चार महिने सुकवण्याचं सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “साल जाड असणार, पोरी. नाहीतर मणी गळला असता. वेलीवरचा घड बघायला मिळेल का?” तोवर तोडणी संपलेली असणार. कुणाकडे कोर्विनाच्या घडाचा फोटो आहे का, कात्री लावायच्या आधीचा?

अदिजेकाठी:
साल जाडच असते, आप्पांनी बरोबर ओळखलं. शेजारच्या आजोबांची तोडणी परवा सुरू होतेय. उद्या सकाळी मांडवाखाली जाऊन फोटो काढतो, दुपारपर्यंत इथे टाकतो. एक मणी कापून सालही दाखवतो.