स्वतःच्या पुस्तकाची लिंक ग्रुपवर किती वेळा टाकावी?

पानोपानी: आमच्या वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने स्वखर्चाने कादंबरी काढली. तेव्हापासून रोज सकाळी मुखपृष्ठ, लिंक आणि खाली 'अवश्य वाचा, पुढे पाठवा'. हेच ट्रेकिंगच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवरही. अ‍ॅडमिनने पोस्ट उडवली तर 'मराठी लेखकाची गळचेपी' म्हणून बोंब. माझ्या मते अ‍ॅडमिनचं बरोबर. या गृहस्थांनी आजवर दुसऱ्या कुणाच्या पुस्तकावर एक ओळ लिहिलेली नाही.

सांगलीकर: बोलायला सोपं आहे. प्रकाशक नाही, वितरक नाही, दुकानदार नवख्याच्या पाच प्रती ठेवायलाही का-कू करतो. त्याने जायचं कुठं? रोजची गुलाबाची फुलं चालतात आणि पुस्तक तेवढं खुपतं होय? शिवाय लिंक उडवणाऱ्या याच ग्रुपांवर नावाजलेल्या पुस्तकांच्या चोरीच्या पीडीएफ 'संग्रही असू द्या' म्हणून फिरतात. त्या कुणी उडवलेल्या बघितल्या नाहीत.

पानोपानी: पीडीएफचं शंभर टक्के मान्य. म्हणून रोजची लिंक माफ होत नाही.

बियाणेवाली: मी किंडलवर स्वतःच प्रकाशित करते. तिथल्या केडीपी सिलेक्टमध्ये (ई-पुस्तक फक्त अ‍ॅमेझॉनवरच ठेवायची योजना) ९० दिवसांत जास्तीत जास्त ५ दिवस पुस्तक मोफत ठेवता येतं. ते पाचही दिवस लोक दिसेल त्या ग्रुपवर 'आज फुकट' ओरडत सुटतात. डाउनलोड होतात, वाचत कुणी नाही. माझं पुस्तक देशी बियाण्यांचं. शेतीच्या ग्रुपवर कुणी विचारलं, वालाचं बी किडीपासून कसं जपायचं, की पुस्तकातला राखेत बी ठेवण्याचा मजकूर तिथंच टाइप करते. लिंक नाही. नाव लोकच विचारतात. मात्र सिलेक्टमध्ये असाल तर ई-पुस्तकाचा दहा टक्क्यांपर्यंतच भाग नमुना म्हणून बाहेर देता येतो, तेवढं सांभाळा.

सांगलीकर: ताई, तुमच्या पुस्तकाला प्रश्न विचारणारे आहेत. 'नायिकेचं पुढं काय झालं' असं कादंबरीवाल्याला कोण विचारणार?

बियाणेवाली: हे खरंय. कादंबरीला माझी युक्ती लागू पडणार नाही.

अकोल्याचा अ‍ॅडमिन: त्यांनी ब्रॉडकास्ट यादी करावी. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणजे नको असलेल्याला त्रास नाही.

सांगलीकर: नंबर सेव्ह असलेले कोण? मावशी, मेव्हणा आणि एलआयसीवाला. त्यांना प्रती आधीच भेट दिल्यात!

अकोल्याचा अ‍ॅडमिन: बरं, मग आमच्याकडं चालतं ते सांगतो. मला आधी विचारायचं. पहिलं प्रकरण पूर्ण टाकायचं, लिंक शेवटी, एकदाच. पुढं वाचकाने विषय काढला तरच बोलायचं.

सांगलीकर: एकदा टाकलेलं संध्याकाळपर्यंत वाहून जातं. पिन करणार असाल तर कबूल.

पानोपानी: पिनची मुदत ३० दिवसांपर्यंत ठेवता येते. महिनाभर कुणाची कादंबरी डोक्यावर नको.

अकोल्याचा अ‍ॅडमिन: सात दिवस करतो, रांगेने. सध्या रांगेत तिघं आहेत. तिघंही कवी.