ग्रॅडियस : लाइफ गेली की सगळी शस्त्रं काढून घेणं बरोबर आहे का?

निळी कॅप्सूल (धागाकर्ता)

गेले तीन आठवडे रोज रात्री तासभर कोनामी कंपनीचा ग्रॅडियस हा व्हिडिओ गेम खेळतोय, १९८५ चा मूळ आर्केडमधला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरचा. आडवं सरकणारं आकाश, व्हिक वायपर नावाचं एकटं यान आणि समोरून येणाऱ्या झुंडी. माझं मत आता पक्कं झालंय: शस्त्रांची पट्टी ही या प्रकारच्या खेळांतली सर्वांत हुशार कल्पना आहे, आणि लाइफ गेल्यावर जे होतं ते सर्वांत वाईट.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी पट्टीबद्दल थोडं. खाली सहा घरं असतात: स्पीड, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन (यानामागून येत सोबत गोळ्या झाडणारा साथीदार) आणि शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे ढाल. लाल कॅप्सूल उचलली की उजेड एक घर पुढे सरकतो. हवं त्या घरावर बटण दाबायचं. ते शस्त्र मिळतं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे स्पीड एका कॅप्सूलला, ढाल सहांना. आत्ता मिसाइल घ्यायचं की लेझरसाठी थांबायचं, हा हिशेब गोळ्या चुकवता चुकवता करायचा. डबल आणि लेझर एकत्र मिळत नाहीत. स्पीड हावरटासारखा घेतला तर यान भिंतीवर आपटतं. इतक्या साध्या गोष्टीतून इतकी निवड काढणारे लोक खरंच थोर!

पण एक गोळी लागली की सगळं गेलं. मागच्या टप्प्यावर परत, यान गोगलगाय, हातात एकच बारकी बंदूक. तिसऱ्या फेरीत मोआई नावाच्या मूर्तींच्या दगडी तोंडांतून कड्यांचा मारा चालू असताना त्या यानाने करायचं काय? तीन लाइफ शिल्लक असल्या तरी खेळ तिथेच संपलेला असतो. हरल्यावर तो सांगून टाकत नाही, ओढत नेतो.

दगडी तोंड

पूर्ण असहमत. तुम्ही ज्याला शिक्षा म्हणताय तिच्यामुळेच त्या पट्टीला किंमत आहे. चार ऑप्शन गमावण्याची भीतीच नसेल तर ते जपायचे कशाला? मोआईंच्या फेरीत पुन्हा उभं राहता येतं, मी राहिलोय. तोंड उघडतं तेव्हाच त्यांना इजा होते, हे डोक्यात ठेवून कुठली मूर्ती आधी फोडायची ते ठरवावं लागतं. आधी एकच स्पीड, नंतरच्या पाच कॅप्सूल न खर्चता ऑप्शन. पाठ करावं लागतं, कबूल. तबल्याचा कायदाही पाठच करावा लागतो.

निळी कॅप्सूल

कायदा चुकला तर गुरुजी तबला काढून घेऊन डग्ग्यावर वाजव म्हणत नाहीत. चुकलो तर मागे पाठवा, माझी हरकत नाही. मागेही पाठवायचं आणि निःशस्त्रही करायचं, हा दुहेरी मार मला मान्य नाही. कोनामीनेच पुढच्या वर्षी, १९८६ च्या सॅलामँडरमध्ये हे बदललं. तिथे मेलात की तिथूनच पुढे सुरू, आणि सुटलेले ऑप्शन झडप घालून परत उचलता येतात.

दगडी तोंड

सॅलामँडर दोघांनी एकत्र खेळायचा खेळ आहे. एक मेला म्हणून दुसऱ्याला मागे कसं नेणार? तिथे गरज होती म्हणून बदललं. आणि तिथे पट्टीही नाही, शस्त्रं थेट उचलायची. म्हणजे शिक्षा गेली तेव्हा तुमची ती हुशार कल्पनाही गेली.

तीस लाइफवाला

आमच्या टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये काँट्रा होता. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, ही बटणं दाबली की तीस लाइफ, गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ. तो कोड ग्रॅडियसमधून आला हे फार उशिरा कळलं. १९८६ मध्ये खेळ फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या घरच्या यंत्रावर, आणताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासण्यासाठी पार करणं फार जड जात होतं, म्हणून त्यांनी शस्त्रं आयती देणारा कोड घातला आणि तो आतच राहिला. घरी आणणाऱ्यालाच जो खेळ निभत नाही त्याचा तोल बिघडलेलाच म्हणायचा. आर्केडमध्ये नाण्यांसाठी कठीण ठेवला असं एकवेळ म्हणता येईल, घरच्या यंत्रात कुठलं नाणं? मी धागाकर्त्याच्या बाजूने.

बबल मेमरी

शिक्षेच्या वादात एक खरी उणीव राहून जातेय: शेवटचा शत्रू. सात फेऱ्या जीव मुठीत धरून जायचं आणि शेवटी तो शत्रू, एक भलामोठा मेंदू, साधा प्रतिकारही करत नाही. मला ते फार लागतं.

आणि फॅमिकॉमवरून आर्केडची परीक्षा करू नका. फॅमिकॉमवर ऑप्शन फक्त दोन, कारण त्या यंत्राला एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, दाखवता येतात. जास्त झाले की चित्र लुकलुकतं. आर्केडचं मूळ यंत्र चुंबकीय बबल मेमरीवर चालायचं, म्हणजे खेळ त्या प्रकारच्या मेमरीत साठवलेला असे. चालू केल्यावर ती गरम व्हावी लागे, तोवर पडद्यावर उलटी मोजणी आणि सोबत 'मॉर्निंग म्युझिक' नावाची शांत धून. मिकी हिगाशिनो यांचं फेऱ्यांचं संगीतही नुसतं ऐकत बसावं असं आहे.

निळी कॅप्सूल

शेवटच्या शत्रूबद्दल शंभर टक्के सहमत.

दगडी तोंड, तुमचा सॅलामँडरचा मुद्दा मला मान्य आहे, ते उदाहरण मागे घेतो. पण एवढं सांगा: मेल्यावर बाकी सगळं जाऊन फक्त एक ऑप्शन उरला असता, तर भीती कमी झाली असती का? ऑप्शन म्हणजे यानाच्या मागच्या वाटेवरून चालणारी सावली. आपण वळलो तिथेच ती वळते, आपण थांबलो की थांबते. वरच्या फटीत शिरून लगेच खाली आलं तर ती अजून वरच गोळ्या झाडत असते. या खेळाचा आत्मा तिथे आहे. लेझर न्या, मिसाइल न्या, तेवढं सोडा.

दगडी तोंड

एक ऑप्शन... ते मी खेळून बघितलं असतं. तरी स्पीड मात्र शून्यावरच हवा.