न्यूमेरिकल सुटते, पण कारण सांगता येत नाही: अडचण भाषेची की भौतिकशास्त्राची?

कॉलेजरोडकर:
मी नाशिकमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गातील बरेच विद्यार्थी निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांतून, मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळांतून आलेले असतात. सूत्रात किमती घालून उत्तर काढणे त्यांना उत्तम जमते. परंतु सरळ वर फेकलेला चेंडू हातातून सुटून वर जात असताना त्यावर कोणती बले कार्य करतात असे विचारले, की ‘हाताचे बल आणि गुरुत्वीय बल’ असे चुकीचे उत्तर येते (हवेचा रोध सोडला तर हात सुटल्यावर फक्त गुरुत्वीय बल उरते) आणि कारण विचारताच इंग्रजी वाक्य अर्ध्यावर थांबते. पालकसभेत सगळ्यांचे निदान एकच असते, की मुलांचे इंग्रजी कच्चे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण तोच प्रश्न मराठीत विचारला तरी उत्तर तेच येते, फक्त अधिक आत्मविश्वासाने. मग भाषेचा या शिकण्यात नेमका वाटा किती, आणि तो ओळखायचा कसा?

जुना प्राध्यापक:
जॉन क्लेमेंट यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्याविषयी जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. इंग्रजीतच शिकणाऱ्या त्या मुलांपैकीही बहुतेकांनी वर जाणाऱ्या नाण्यावर वरच्या दिशेने बल दाखवले. म्हणजे चुकीचे मूळ माध्यमात नाही. मात्र भाषेचा काहीच संबंध नाही असा निष्कर्ष यावरून काढू नये.

‘हाताचे बल’ यातल्या षष्ठीकडे पाहा. ती बलाला एखाद्या मालमत्तेचे रूप देते. जणू हाताने ते चेंडूला देऊन टाकले आणि चेंडू ते सोबत घेऊन निघाला. मी वर्गात बलापुरती षष्ठी बंद केली होती. प्रत्येक बल लिहिताना ‘कोणी’ आणि ‘कोणावर’ या दोन्ही जागा भरल्याच पाहिजेत, उदाहरणार्थ ‘पृथ्वीने चेंडूवर लावलेले बल’. ‘हाताने चेंडूवर’ असे लिहू लागले, की हात आता चेंडूला टेकलेला तरी आहे का, हा प्रश्न मुलांना आपणहून पडतो.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमासाठी तर ही पद्धत विशेष उपयोगी आहे. ‘टेबलाने पुस्तकावर’ या बलाची जोडी ‘पुस्तकाने टेबलावर’ हीच असते, कारण दोन्ही नामांची अदलाबदल व्हायला हवी. पुस्तकाचे वजन म्हणजे ‘पृथ्वीने पुस्तकावर’ लावलेले बल. त्याची जोडी ‘पुस्तकाने पृथ्वीवर’. वजन आणि टेबलाचा आधार ही दोन्ही बले पुस्तकावरच लागतात, त्यामुळे ती परिमाणाने समान असली तरी क्रिया-प्रतिक्रियेची जोडी होत नाहीत, हे वाक्य लिहितानाच उघड होते. (प्रत्यय नामालाच चिकटलेला असल्याने हे काम मराठी इंग्रजीपेक्षा चोख करते असे माझे मत आहे, इंग्रजीचे शिक्षक रागावतील.)

बागलाणची शिक्षिका:
आपण ‘मराठी’ म्हणतो तेव्हा कोणती मराठी, हेही पाहावे. सटाणा-कळवणकडे अनेक घरांत अहिराणी बोलतात, सुरगाणा-पेठकडे कोकणा आदिवासींची कोकणी. त्या मुलांना पुस्तकी मराठीही शाळेतच शिकावी लागते आणि अकरावीत त्यावर इंग्रजीचा थर चढतो. म्हणून मी चर्चा त्यांच्या बोलीत होऊ देते आणि लेखन नंतर घेते.

विजेच्या प्रकरणात याचा फायदा होतो. ‘फ्रिज फार लाईट खातो’ हे घरोघरी ऐकलेले वाक्य असल्यामुळे, एकसर जोडलेल्या दोन सारख्या दिव्यांपैकी पहिला जास्त प्रकाशेल, कारण दुसऱ्यापर्यंत करंट कमी उरतो, असे मुले सांगतात. प्रत्यक्षात दोघांतून तेवढीच विद्युतधारा जाते आणि दोन्ही सारखेच प्रकाशतात. मी तेव्हा वीजबिल काढते. मीटर युनिट मोजतो. एक युनिट म्हणजे 36 लाख जूल ऊर्जा. बिल ऊर्जेचे येते, धारेचे नाही, एवढा फरक त्यांच्याच बोलीत पटला की इंग्रजी संज्ञा फार अडवत नाहीत.

सीईटी-बॅच:
हे सर्व मान्य असले, तरी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. तिथे वाक्य कोणी तपासत नाही. समीकरण हीच भौतिकशास्त्राची भाषा आहे. ती आली की पुरे.

जुना प्राध्यापक:
समीकरण कधी लावायचे हे समीकरण सांगत नाही. उष्णतारोधक सिलिंडरमधील वायू झपाट्याने दाबला तर बाहेरून उष्णता मिळालेली नसते, तरी तापमान वाढते. ‘वायूतील उष्णता वाढली’ असे बोलण्याची सवय लागलेला विद्यार्थी इथे उष्णतेची किंमत शून्य धरायला धजावत नाही आणि ऊष्मागतिकीचा पहिला नियम पाठ असूनही उत्तर चुकवतो. डेव्हिड ब्रुक्स आणि युजेनिया एटकिना यांनी 2015 मध्ये उष्णतेविषयीच्या विद्यार्थ्यांच्या भाषेचा आणि तर्काचा संबंध तपासला आहे. उष्णता हा पदार्थात साठलेला ऐवज आहे, ही रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्या ‘कॅलरिक’च्या काळातील कल्पना आपल्या रोजच्या बोलण्यात अजून नांदते. वायूजवळ असते ती अंतर्गत ऊर्जा. उष्णता आणि कार्य हे तिची देवाणघेवाण होण्याचे मार्ग आहेत. हे वाक्य नीट बसलेल्या मुलाचे 54 सेकंद वाचतातच.

कॉलेजरोडकर:
सर्वांचे आभार. पुढील चाचणीत एकच प्रश्न तीन प्रकारे देईन: आकृतीवर बाण काढून, हव्या त्या भाषेत बोलून आणि इंग्रजीत लिहून. बाणच चुकला तर अडचण संकल्पनेची. बाण आणि बोलणे बरोबर असून लेखन अडले तर इंग्रजीची. बाण बरोबर आणि बोलणे चूक असे कोणाचे निघाले तर काय समजावे, हे मात्र अजून स्पष्ट नाही. प्राध्यापक महोदय, असे विद्यार्थी आपल्याला भेटले आहेत का?

जुना प्राध्यापक:
पुष्कळ. त्यांना बाण काढताना प्रत्येक बाणाशेजारी ‘कोणी, कोणावर’ लिहायला लावा. त्यातले बरेच बाण पाठ केलेले निघतात.