गॅदरिंगला कानात प्लग घालून बसणं: शिष्टाचार की पळवाट?

पार्लेकर
डिसेंबर-जानेवारीत मुंबईतल्या शाळांची गॅदरिंग सुरू होतात आणि पालकांची तीच कुरकुर सुरू होते: आवाज फार, कान किटले. माझं म्हणणं असं की ज्याला सोसत नाही त्याने निमूट फोमचे इअरप्लग घालावेत आणि पूर्ण कार्यक्रम बघावा. यात शाळेचा अपमान नाही. अपमान दोन्ही हात कानांवर दाबून, तोंड वाकडं करून बसण्यात आहे. स्टेजवरून पुढच्या चार-पाच रांगा बऱ्यापैकी दिसतात. पहिलीतलं पोर नाचता नाचता आईला शोधत असतं. ती कान दाबून बसलेली दिसली की ‘माझं काहीतरी चुकलं’ एवढंच त्याला कळतं.

प्लग घालायची रीत नीट पाळा. हात धुऊन प्लग बोटांनी वळून बारीक वात करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, वात आत सारा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. अर्धा बाहेर राहिला तर उपयोग फारच कमी. कापसाचे बोळे तर मनाचं समाधान, आवाज फारसा अडतच नाही.

जागा निवडताना स्पीकरच्या थेट समोरच्या खुर्च्या टाळा. मधल्या भागातली, कडेची खुर्ची बरी. उठायचंच असेल तर दोन कार्यक्रमांच्या मधल्या अंधारात उठा, कुणाच्या मुलाचा नाच चालू असताना नको.

गिरगावची ताई
पार्लेकर, रीत बरोबर सांगितलीत, पण मूळ मुद्दा उलटा आहे. तुम्ही प्लग घातलात की तक्रार करणारं एक माणूस कमी झालं, एवढंच. श्रवणयंत्र लावणाऱ्या आजोबांनी प्लग कुठे घालायचा? मांडीवरच्या सहा महिन्यांच्या बाळाचं काय? आणि विंगेत आपल्या नंबराची वाट बघत ताटकळणारी मुलं? स्पीकर त्यांच्यापासून हातभर अंतरावर असतो. ८५ डेसिबल (आवाज मोजायचं माप) इतका आवाज दिवसाला ८ तास चालतो, मग दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा, असा हिशेब कारखान्यातल्या मोठ्या माणसांसाठी मांडतात. त्या हिशेबाने ९४ ला १ तास आणि १०० ला १५ मिनिटं होतात. मुलांना याहून जपायला हवं, आणि गॅदरिंग तीन तास चालतं. पालकाने गप्प बसणं याला मी शिष्टाचार म्हणणार नाही.

मिक्सरमागून
साउंडच्या बाजूने लिहितो, कारण आवाज का चढतो हे कुणी सांगत नाही.

पहिलं कारण गाणी. प्रत्येक वर्ग आपला ट्रॅक पाठवतो, कुणी पेनड्राइव्हवर, कुणी मोबाइलवरून. एक बारीक, पुढचा फाटेपर्यंत चढवलेला. बारीक ट्रॅकला फेडर (मिक्सरवरची आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) वर गेला आणि पुढचं गाणं तिथेच सुरू झालं की कानठळ्या. उपाय अर्ध्या तासाचा आहे: सगळी गाणी आठवडाभर आधी एका फोल्डरमध्ये क्रमाने लावा आणि ऑडॅसिटी या संगणकावरच्या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ करून एका पातळीवर आणा.

दुसरं, माइक. नाटकात आठ माइक एकदम उघडे ठेवतात. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की ती शिट्टी यायच्या आधी आवाज वाढवायला मिळणारी मोकळीक ३ डेसिबलने घटते; एकाचे आठ केले की ९ ने. मग संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवा, वाढवला की शिट्टी. ज्याचं वाक्य आहे त्याचाच माइक उघडा हवा, आणि त्यासाठी संहितेची एक प्रत मिक्सरवर हवी. ती क्वचितच मिळते.

तिसरं, जागा. नाट्यगृहात गादीच्या खुर्च्या आणि पडदे आवाज शोषतात. शाळेच्या हॉलमध्ये लादी, उघड्या भिंती, वर पत्रा. तिथे शब्द प्रतिध्वनीत बुडतात. आवाज वाढवला तर प्रतिध्वनीही वाढतो, शब्द बुडलेलाच राहतो. स्पीकर स्टँडवर बसलेल्यांच्या डोक्यांपेक्षा उंच चढवून किंचित खाली झुकवले, तर पुढची रांग भाजत नाही आणि मागच्याला ऐकू येतं.

चौथं म्हणजे पालक. निवेदन चालू असताना हॉलभर गप्पा. त्यांच्यावर आवाज चढवण्यावाचून गत्यंतर नसतं.

वर्गशिक्षिका
गिरगावच्या ताई, तुमचा राग कळतो, पण ऐन कार्यक्रमात आवाज कमी करायला लावणं मुलांवर अन्याय आहे. चाळीस मुलं ठेक्यावर नाचतात. ठेका ऐकू आला नाही की मागची रांग अर्धा ठोका मागे पडते आणि मग सगळा नाच विस्कटतो. एक पालक साउंडवाल्याकडे जातो, दुसरा येऊन ‘मागे ऐकू येत नाही’ म्हणतो, आणि तो बिचारा फेडर वरखाली करत राहतो. सांगायचं असेल तर दारावरच्या शिक्षकांना, दोन कार्यक्रमांच्या मधे. आणि नेमकं सांगा: ‘डावीकडच्या पुढच्या रांगांत कर्कश लागतंय.’ नुसतं ‘आवाज कमी करा’ म्हटल्याने कुणालाच काही करता येत नाही. वर्गाच्या ग्रुपवर तिथल्या तिथे टाकणं तर अगदीच नको.

मिक्सरमागून
बाई, ठेका मुलांना द्यायचा तर त्यासाठी प्रेक्षकांवरचा आवाज चढवायची गरज नाही. दोन्ही विंगांत एकेक मॉनिटर, म्हणजे स्टेजवरच्यांना ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, तोंड स्टेजकडे. मुलांना ठेका तिथून मिळतो आणि प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या मुख्य स्पीकरचा आवाज बिनधास्त खाली आणता येतो. भाडं ठरवताना ‘दोन मॉनिटर’ असं लिहून घ्या, नाहीतर ते येत नाहीत. विंगेत थांबलेली मुलं मात्र मॉनिटरच्या मागे उभी करा, समोर नाही.

ऑडिओलॉजिस्ट, दादर
दोन गोष्टी. लहान मुलांना फोमचे प्लग देऊ नका. मोठ्यांच्या मापाचे बसत नाहीत, निघतात, आणि तोंडात गेले तर घशात अडकू शकतात. त्यांना कानांवर बसणारे इअरमफ द्या. मफखाली चष्म्याची काडी, हेअरबँड किंवा गजरा आला की फट राहते आणि आवाज आत येतो. मोठ्यांसाठीही पाकिटावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्याच्या निम्माच आवाज अडतो असं धरून चाला. फोम बारीक, तीव्र स्वर जास्त खातो, म्हणून नाटकाचे संवाद दबल्यासारखे वाटतात. संगीतकारांचे फिल्टरवाले प्लग त्यासाठी बरे.

दुसरी, कायद्याची. शांतता क्षेत्रासाठी (शाळा, रुग्णालयं यांच्या आसपासच्या भागासाठी) दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा परिसरातल्या आवाजाची आहे. आत बसलेल्या प्रेक्षकाच्या कानासाठी ती लावता येत नाही, म्हणून तिच्या जोरावर शाळेशी भांडू नका. कार्यक्रमानंतर कानात दडे बसले किंवा गुणगुण राहिली, तर तोच पुरावा की आवाज जास्त होता. ती दुसऱ्या दिवशीही राहिली तर कान तपासून घ्या.

गिरगावची ताई
कायद्याचं मान्य. पण बाईंचा ‘ऐन कार्यक्रमात नको’ हा मुद्दा तेव्हाच पटेल, जेव्हा आधी सांगायची सोय असेल. शाळेने रंगीत तालमीला दोन पालकांना बोलवावं, एक पुढच्या कडेला आणि एक शेवटच्या रांगेत बसवावा. निमंत्रणावर कार्यक्रमांचा क्रम छापावा. कागदी फुलांची तोफ उडणार असेल तर तेही. आवाजाने बिथरणाऱ्या मुलांसाठी मागच्या दाराजवळच्या दोन रांगा राखाव्यात आणि जवळचा एक वर्ग उघडा ठेवावा. यात वेगळा पैसा लागत नाही. हे न करता पालकाला प्लग घाला म्हणणं मला मान्य नाही.

पार्लेकर
विंगेतल्या मुलांचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता. तो बिनतोड आहे. पण तालमीला हॉल रिकामा असतो हे विसरू नका. भरल्यावर माणसं आवाज शोषतात आणि साउंडवाला फेडर वर घेतोच. तालमीत बरोबर वाटलेला आवाज संध्याकाळी तसाच राहील याची खात्री नाही. म्हणून पहिल्या दोन कार्यक्रमांनंतर त्या दोन पालकांनीच दारावरच्या बाईंना सांगावं, बाकी कुणी उठू नये. आणि प्लगची डबी पर्समध्ये असू द्यावी, यावर मी अजूनही ठाम आहे.