सिंगल टेबल आणि नॉट नल
प्रश्न असा: यूपीआय, कार्ड असे पेमेंटचे सबक्लास डेटाबेसमध्ये सगळे एकाच टेबलमध्ये ठेवायचे (सिंगल टेबल), की मूळ क्लास आणि प्रत्येक सबक्लासला वेगळं टेबल देऊन ती क्वेरीत जोडायची (जॉइन्ड)? "सिंगल टेबलमध्ये नॉट नल (कॉलम रिकामा चालणार नाही ही अट) लावता येत नाही, म्हणून जॉइन्डच घ्या" हा या चर्चेतला मुद्दा मला अर्धाच पटतो. कॉलमवर थेट लावता येत नाही हे खरं, कारण कार्डाने भरलेल्या पेमेंटच्या ओळीत यूपीआय आयडी रिकामाच राहणार. पण टेबलवर चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे ओळ साठवताना डेटाबेस तपासतो ती अट, लावता येतो: प्रकार यूपीआय असेल तर आयडी हवाच. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये हे पूर्वीपासून चालतं. मायएसक्यूएल मात्र 8.0.16 च्या आधी असा चेक मुकाट्याने सोडून द्यायचं, तेव्हा आवृत्ती बघून घ्या. एवढ्यासाठी मूळ क्लासच्या प्रत्येक क्वेरीत चार-पाच जॉइन ओढणं मला तरी महाग वाटतं.

सिंगल टेबलचा खरा धोका इथे कोणी मांडलेला नाही, तो डिस्क्रिमिनेटरचा, म्हणजे ओळ कोणत्या सबक्लासची हे सांगणाऱ्या कॉलमचा. जेपीएमध्ये (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवण्याचं स्टँडर्ड) डिस्क्रिमिनेटर व्हॅल्यू आपण दिली नाही, तर त्या डीटाइप कॉलममध्ये एंटिटीचं (टेबलशी जोडलेल्या क्लासचं) नाव जातं, म्हणजे बहुतेक वेळा क्लासचंच नाव. आमच्याकडे रिफॅक्टरिंग करताना एका सबक्लासचं नाव बदललं. कोड कंपाइल झाला, टेस्टही पास झाल्या, कारण टेस्टचा डेटा दरवेळी नव्याने तयार व्हायचा. प्रॉडक्शनवर मात्र त्या सबक्लासच्या रिपोर्टमधून जुन्या नोंदी गायब! एररही नाही, कारण जुन्या ओळींत जुनंच नाव होतं आणि हायबरनेट (जेपीए चालवणारी लायब्ररी) क्वेरीच्या व्हेअरमध्ये नवीन नाव घालून शोधत होता. एका अपडेट क्वेरीने दुरुस्त झालं, पण कारण सापडेपर्यंत पूर्ण दिवस गेला. तेव्हापासून प्रत्येक सबक्लासवर व्हॅल्यू हाताने लिहितो, 'यूपीआय', 'कार्ड' अशी छोटी, क्लासच्या नावाशी न बांधलेली.