बांगलादेशचे कपडे : सगळं श्रेय स्वस्त मजुरीलाच?

जिज्ञासू_एमए : विकसनशील देशांच्या वाढीचा विषय निघाला की बांगलादेश येतोच, आणि कारणही ठरलेलं : स्वस्त मजुरी. पण मजुरी १९७५ सालीही स्वस्तच होती. मग तेव्हा कारखाने का नव्हते?

हिशेबनीस : कारण मजुरी बिनपैशाची नसते आणि कापड तर नसतंच! खरी अडचण खेळत्या भांडवलाची होती. ती बॅक-टू-बॅक एलसी आणि बाँडेड गोदाम या जोडीने सुटली. (एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट : ठरल्याप्रमाणे माल पाठवला की पैसे देण्याची बँकेची लेखी हमी.)

समजा, १ लाख डॉलरच्या शर्टांची ऑर्डर आली. खरेदीदाराची एलसी बँकेत ठेवायची. तिच्या जोरावर बँक कापड-बटणांसाठी ७० हजारांची दुसरी एलसी उघडते, १२० दिवसांच्या उधारीवर. कापड आयातशुल्क न भरता बाँडेड गोदामात उतरतं. शिवून माल जहाजावर चढला, पैसे आले, की बँक आधी कापडवाल्याचे चुकते करते. उरलेल्या ३० हजारांत पगार, वीज, भाडं, नफा. कापडासाठी मालकाच्या खिशातून दमडी जात नाही.

याउलट ड्रॉबॅक या दुसऱ्या पद्धतीत शुल्क आधी भरा, परतावा निर्यातीनंतर मागाहून. छोटा कारखाना तिथेच अडकतो.

उभा_धागा : यात कोटा आणि कसब जोडा. १९७४च्या मल्टी फायबर करारानुसार श्रीमंत देशांनी कोरियासारख्यांच्या कपड्यांवर कोटे, म्हणजे आयातीच्या कमाल मर्यादा लावल्या, म्हणून कोरियन कंपन्या कोटा न लागलेले देश शोधू लागल्या. त्यातल्या देवूने बांगलादेशातल्या देश गार्मेंट्सची १३० माणसं १९७९ मध्ये कोरियातल्या बुसानला नेऊन शिकवली. पुढे त्यातली बहुतेक देश सोडून दुसऱ्या कारखान्यांत गेली, काहींनी स्वतःचे काढले. ('देश' म्हणजे कंपनी हो!) शिलाईची लाइन कशी लावायची, हे ज्ञान असं फुकटात पसरलं.

आपल्याकडे तयार कपडे २००० सालापर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होते. यंत्रांतल्या गुंतवणुकीलाच मर्यादा, मग मोठ्या लाइन लागणार कशा?

जिज्ञासू_एमए : आणि माल वेळेत गेला नाही तर?

हिशेबनीस : तर मालकाची वाट लागते. एकतर स्वखर्चाने विमानाने पाठवा. नफा तिथेच संपला. खरेदीदाराने माल नाकारला तरी बँकेला कापडवाल्याचे ७० हजार द्यावेच लागतात, आणि ते कारखान्याच्या नावे सक्तीचं कर्ज म्हणून चढतात. अशी दोन-तीन कर्जं साचली की नवी एलसी बंद.

दुसरी गळती गोदामातली. डझनामागे किती कापड लागेल, हे आधी लिहून द्यावं लागतं. ते फुगवून लिहायचं, आणि उरलेलं बिनशुल्क कापड गुपचूप स्थानिक बाजारात. त्याच्या भावापुढे शुल्क भरून कापड आणणारा टिकत नाही, आणि देशातला कापड विणणाराही.