'पाय इन्कॉग्नितु'ला मराठीत काय म्हणायचं?

मांडवीतीर
कादंबरी लिहितेय आणि एका ओळीवर अडलेय. गोष्ट दोन काळांत चालते. जुना भाग १९४३ चा, मुरगाव बंदराजवळचा: हिंदू घरातली बिनलग्नाची मुलगी आणि 'एहरनफेल्स' या जर्मन बोटीवरचा खलाशी. नवा भाग आजच्या पणजीतला. तिथे त्या मुलीची नात पोर्तुगीज पासपोर्टच्या खटपटीत वडिलांच्या जन्माचा आसेंतु (सरकारी नोंदीचा उतारा) काढते, तर आजोबांच्या नावाच्या जागी 'पाय इन्कॉग्नितु'.
मी 'पिता अज्ञात' लिहिलं. संपादक म्हणतात पंचनाम्यासारखं वाटतं, 'अनौरस' करा. पण अनौरस म्हटलं की निकालच लागला, मला तर नुसती नोंद हवीय. कारकुनाने ती ओळ वाचून दाखवली असती, तर घरी आल्यावर ती मराठीत कशी सांगितली गेली असती?

डिचोलकर
संपादकांचं खरं आहे. 'अज्ञात' हा शब्द पेपरवाल्यांनी चोरांना देऊन टाकलाय. रोज 'अज्ञात चोरट्यांनी', 'अज्ञात वाहनाने'. साधं 'बापाचं नाव नाही' लिहा. बोलताना लोक तेवढंच म्हणतात, तेही आवाज उतरवून.

मांडवीतीर
नाव नसणं वेगळं आणि माहीत नसणं वेगळं, डिचोलकरबाब. आईला नाव पक्कं ठाऊक आहे. कागद खोटं बोलतोय, आणि घर त्या कागदाच्या आड ऐंशी वर्षं बसलंय.

जुना हेडमास्तर
आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ नाही, वाचनाचा आहे. मनूने पुत्रांचे बारा प्रकार सांगितले. त्यातला 'औरस' पहिला, उरस् म्हणजे छातीवरून आलेला. कुमारिकेच्या पोटी झाला तो 'कानीन'. पाणिनीने 'कन्या'पासून हा शब्द साधण्यासाठी वेगळं सूत्रच दिलं आहे. गर्भवती वधूबरोबर आला तो 'सहोढ'. आणि 'गूढज'ची व्याख्या पाहा: 'उत्पद्यते गृहे यस्य न च ज्ञायेत कस्य सः'. तुमच्या पोर्तुगीज कारकुनाने हेच तर लिहिलं आहे!

फोंड्याची सून
सर, कानीन म्हटलं की डोळ्यांपुढे कर्ण येतो, कवचकुंडलांसकट. वास्कोतल्या स्वयंपाकघरात हा शब्द कोण काढणार? शिवाय गूढजला आधी नवऱ्याचं घर लागतं. 'तस्य स्याद् यस्य तल्पजः', ज्याची शेज त्याचा पोर. इथे मुलगी माहेरीच आहे.
माझं माहेर कोल्हापूरकडचं. तिथे अशा माणसाला 'कडू' म्हणत, आणि सरळ वंशातला तो 'गोड'. लग्न ठरवताना 'शाखा कडू आहे का' हे आत्याने विचारलेलं मी माजघराच्या दारात उभी राहून ऐकलंय. 'लेकावळा' मोल्सवर्थच्या शब्दकोशात सापडेल, पण तो दासीचा मुलगा. इकडे फोंड्यात तर आईचं नाव लावणारी कितीतरी घरं होती, गाण्याबजावण्यातली, देवळाच्या सेवेतली. त्यांच्यात यात गुपित कसलं? तेव्हा मांडवीतीर, घर कुठल्या समाजातलं ते आधी सांगा. शब्द त्यावर ठरेल.

तिसवाडीकर
कायद्याची बाजू कोणी बघतच नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत बापाने मूल आपलं म्हणून कबूल करण्याला 'पेर्फिल्यासांव' म्हणतात. जन्मनोंदीत, मृत्युपत्रात किंवा नोटरीपुढे दस्त करून ते करता येई. कोणी केलंच नाही तर 'इन्कॉग्नितु'. म्हणजे बाप कोण हे जगाला माहीत नाही असं नव्हे, बाप सही करायला आला नाही, एवढंच. मी 'बाप नोंदलेला नाही' लिहीन. आणि पेर्फिल्यासांव तसाच ठेवीन.

जुना हेडमास्तर
तसाच का? 'पितृत्वस्वीकार' म्हणा. सावरकरांनी 'दिनांक' दिला तेव्हाही लोक हसले होते. आज तारखेच्या रकान्यावर तोच छापलेला असतो.

डिचोलकर
छापलेला असतो, सर. विचारताना तुम्हीही 'आज तारीख काय?' असंच विचारता. पगार, चावी, लिलाव, सगळे पोर्तुगिजांकडूनच आले. आमच्या आसगावच्या दालगादोंनी १९१३ साली आशियाई भाषांतल्या असल्या शब्दांवर अख्खं पुस्तक लिहिलं. उद्या पगाराला वेतन म्हणा, वाढणार आहे का तो?

हार्बरवाला
शब्दांचं तुमचं चालू द्या, पण खलाशाचा हिशेब तपासा. एहरनफेल्स, ब्राउनफेल्स, द्राखेनफेल्स या तीन जर्मन बोटी आणि 'आन्फोरा' ही इटालियन, चारही महायुद्धात तटस्थ पोर्तुगालच्या आसऱ्याला मुरगावात अडकून होत्या. एहरनफेल्सवर चोरटा रेडिओ होता, त्यावरून पाणबुड्यांना खबरा जात. ९ मार्च १९४३ च्या पहाटे कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांच्या हौशी पलटणीने तिच्यावर छापा घातला. कप्तान मारला गेला आणि खलाशांनी आपल्याच बोटी पेटवून बुडवल्या. त्यानंतर ते पोर्तुगिजांच्या कैदेत गेले. इंग्रजांनीही हे प्रकरण १९७८ पर्यंत दाबून ठेवलं, म्हणजे घरच्यांनी दडवलं यात नवल नाही.
मुद्दा असा: बाप तो खलाशी असेल तर मूल डिसेंबर १९४३ पर्यंत जन्माला यायला हवं. आसेंतुवर तारीख काय आहे?

मांडवीतीर
फेब्रुवारी १९४४.

तिसवाडीकर
म्हणजे बाप खलाशी नव्हेच?!

मांडवीतीर
पुढचं सांगत नाही. नातीलाही हा हिशेब बऱ्याच उशिरा सुचतो.

जुना हेडमास्तर
मग तर 'न च ज्ञायेत कस्य सः' हेच शीर्षक द्या.

फोंड्याची सून
मांडवीतीर, ती छाप्याची रात्र लिहिली असेल तर एक विचारू? १९४३ साली १० मार्चला अ‍ॅश वेन्सडे होता, ख्रिस्ती उपासांचा पहिला दिवस; कार्निव्हल त्याच्या आदल्या दिवशी संपतो. म्हणजे छापा कार्निव्हलच्या ऐन दिवसांत पडला. तुम्ही 'कार्निव्हल' लिहिलंय की 'इंत्रूज'?

मांडवीतीर
कार्निव्हल. पुण्याच्या वाचकाला इंत्रूज कुठून कळणार?

डिचोलकर
न कळू दे! पुण्याचे लेखक आम्हाला वाडेश्वर समजावून सांगतात का? १९४३ साली मुरगावात कार्निव्हल म्हणणारा माणूस शोधून दाखवा. माझे आजोबा मरेपर्यंत इंत्रूजच म्हणायचे. हिंदू असून पिठाच्या पुड्या फेकायला मडगावला जायचे.

तिसवाडीकर
पिठाच्या पुड्यांना काहीतरी वेगळं नाव होतं ना?

हार्बरवाला
होतं. आमच्याकडे सड्यावर लोक नुसतं 'पीठ मारप' म्हणत. पण ते कोंकणी झालं, इथे चालतं का?

जुना हेडमास्तर
चालत नाही.

डिचोलकर
चालतं. आणि सर, 'मारप'ला तुमच्या मनूकडे काय शब्द आहे ते सांगा आधी.